तंबोऱ्याने प्यालेले पाणी

विश्वामित्री नदी बडोदेकरांना परकी नाही. एरवी पुलावरून जाताना तिच्याकडे कोणी मान वळवूनही पाहत नाही. परंतु श्रावण-भाद्रपदात आजव्याचे पाणी आणि आभाळाचे पाणी एकत्र आले की ती आपले अस्तित्व साऱ्या शहराला जाणवून देते. २०१९ च्या जुलैअखेरीस तिने हा प्रत्यय दिला, आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये, गोकुळाष्टमीच्या सुमारास, पुन्हा दिला. दोन्ही वेळा घराघरांत पाणी शिरले, रस्त्यांवर मगरी आल्या, आणि पाणी ओसरल्यावर प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी चिखलाने माखलेल्या सामानाचे ढीग उभे राहिले. गाद्या, कपाटे, मुलांची पुस्तके. आणि या ढिगांत, पाहणाऱ्याच्या काळजात चर्र व्हावे अशी, पेटी, डग्गा आणि तंबोरा ही वाद्येही होती.

ती फेकणाऱ्यांना दोष देण्याचे कारण नाही. ज्याच्या घरात छातीएवढे पाणी शिरले त्याने धान्य पाहावे की तंबोरा? तथापि त्या ढिगांतील पुष्कळशी वाद्ये वाचण्यासारखी होती, हे आज खात्रीने सांगता येते. संगीत शिकविणाऱ्याकडे लोक एरवी सुरांविषयी विचारतात. त्या महिन्यात मात्र माझ्याकडे येणारा प्रत्येक जण लाकडाविषयी विचारीत होता. त्या सर्वांना तुकड्यातुकड्याने सांगितले ते येथे एकत्र सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू.

प्रथम तंबोऱ्याची घडण ध्यानात घ्यावी. खाली वाळविलेला भोपळा, त्याच्या तोंडावर बसविलेली लाकडाची पातळ तबली, भोपळा व दांडी यांना जोडणारा गळा, वर पोकळ दांडी आणि खुंट्या. लाकूड बहुधा तुणीचे. हे सारे अवयव परंपरेने सरसाने जोडलेले असतात, आणि वर लाखेचे पॉलिश. आपल्याकडचे बहुतेक नामांकित तंबोरे मिरजेचे. तेथील शिकलगार मंडळी मूळची हत्यारांना धार लावणारी. एकोणिसाव्या शतकात तलवारीचे काम ओसरले तशी ती पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने वाद्यनिर्मितीकडे वळली. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. त्याच वर्षी बडोद्यात मिरजेचे तंबोरे पाण्यावर तरंगावेत हा दैवाचा विचित्र योग!

आता पाणी लाकडाचे काय करते ते पाहू. लाकूड म्हणजे असंख्य सूक्ष्म नळ्यांची मोळी. भिजताना पाणी प्रथम नळ्यांच्या भिंतींत मुरते आणि त्या फुगतात. भिंती तृप्त झाल्या की मग नळ्यांच्या पोकळीत साठते. वाळताना क्रम उलटा. आधी पोकळीतले पाणी जाते, वजन झपाट्याने उतरते, पण आकार बदलत नाही. कोरड्या लाकडाच्या वजनाच्या सुमारे तीस टक्के पाणी उरले की खरी परीक्षा सुरू होते, कारण त्यानंतर भिंती आकसू लागतात. हे आकसणेही सर्व बाजूंनी सारखे नसते. लांबीत जवळजवळ नाहीच. वार्षिक वलयांच्या दिशेने मात्र वलयांना छेदून जाणाऱ्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट. म्हणूनच फळी वाकते, पिळवटते. बाहेरचा थर उन्हाने चटकन वाळला आणि आतला ओलाच राहिला, तर बाहेरचा आकसू पाहतो, आतला त्याला आकसू देत नाही, आणि लाकूड चिरफाळते. पुरानंतर लखलखीत ऊन पडले आणि लोकांनी वाद्ये हौसेने गच्चीवर मांडली. पाण्यातून वाचलेले कित्येक तंबोरे त्या उन्हाने फोडले.

लाकडाचा हा स्वभाव नाववाल्यांना पूर्वीपासून ठाऊक आहे. मालवणकडे माझे आजोळ. तेथे होडीच्या मागच्या टोकाचा सपाट आडवा पाट दुरुस्त करताना मी पुष्कळदा पाहिला आहे. या पाटावर हल्ली यंत्र टांगतात. यंत्र बसविण्यासाठी पाडलेल्या भोकांतून पाणी आत झिरपते आणि बाहेरचा रंग शाबूत असताना पाट आतून कुजत जातो. सुतार काय करतो? तो हातोडीने पाट ठोकून पाहतो. निरोगी लाकूड टणक बोलते, कुजलेले भद्द आवाज देते. गायकाचा आणि सुताराचा कान येथे एक होतो! मग यंत्र उतरवायचे, रंग खरवडून लाकडाला श्वास द्यायचा, होडी छपराखाली वाऱ्याला ठेवायची आणि आठवडेच्या आठवडे थांबायचे. ओल्या लाकडाला डिंक धरत नाही, आणि ओलीवर रंग चढविला तर कूज आत कोंडली जाते. पाट पुरता वाळला की कुजका भाग निरोगी लाकडापर्यंत कापून काढायचा, तिरकस सांधा करून नवा तुकडा बसवायचा आणि भोकांच्या कडा व फळीची टोके नीट बुजवायची, कारण लाकूड सर्वांत जास्त पाणी पिते ते टोकांकडून. वास्तविक होडीला पाणी हे जीवनच. फळ्या फुगून सांधे मिटतात ते पाण्यानेच. तंबोऱ्याच्या काही मिलिमीटर जाडीच्या तबलीला मात्र ही चैन परवडत नाही.

आमच्या घरी वडिलांचा तंबोरा होता. वडील ऐन तारुण्यात दरबारच्या कलावंत कारखान्यात लागले, आणि १९४९ मध्ये संस्थान विलीन झाल्यावर शिकवण्यांवर संसार केला. या दोन्ही काळांत तंबोरा मात्र एकच. त्या ऑगस्टच्या रात्री पाणी चढू लागले तेव्हा वृद्ध आईला आणि शेजारच्या दोन आजारी माणसांना माडीवर नेण्यातच वेळ गेला. तिसऱ्या दिवशी खाली उतरलो तेव्हा तंबोरा कोपऱ्यात आडवा पडला होता. तबलीची एक कड उचलली गेली होती, लाखेवर पांढरे डाग पडले होते. एका दुकानदाराने दुरूनच पाहून सांगितले, "फेकून द्या. नवा घ्या."

आम्ही प्रथम तारा थोड्या थोड्या सैल करून चारही उतरविल्या. सरस विरघळलेला असताना तारांचा ताण राहिला तर दांडी हटकून वाकते. घोडी आणि मणी काढून ठेवले. चिखल ओला असतानाच स्वच्छ पाण्याच्या फडक्याने पुसला, कारण वाळलेला चिखल ओल धरून ठेवतो आणि पुसताना लाकूड ओरबाडतो. मग माडीवरच्या सावलीच्या खोलीत दोन लाकडी पट्ट्यांवर, सर्व बाजूंनी वारा लागेल असा ठेवला. पंखा त्याच्यावर सोडला नाही. रोज कूस बदलायची आणि दर रविवारी वाण्याकडून आणलेल्या काट्यावर वजन करून वहीत लिहायचे. लाकूड वाळले की नाही हे हाताला कळत नाही, वजनाला कळते. पहिल्या पंधरवड्यात वजन भराभर उतरले, मग हळूहळू. दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली. दिवाळीनंतर सलग तीन रविवार एकच आकडा आला, तेव्हा तंबोरा मिरजेस नेला.

कारागिराने तो मांडीवर घेतला, बोटाच्या पेराने ठिकठिकाणी वाजविला आणि म्हणाला, "मास्तर, दांडी सरळ आहे, तबली जगेल. भोपळ्याचं मात्र काही खरं नाही." भोपळ्याच्या तळाशी आतून बुरशी धरून साल मऊ झाली होती. मार्ग दोन होते. आतून कापड व सरस लावून तोच भोपळा टिकवायचा. तंबोरा दिसायला वडिलांचाच राहील, पण आवाज दबेल. नाहीतर नवा भोपळा घालायचा. मला निर्णय करवेना. वडिलांच्या मांडीला लागलेला भोपळा काढून टाकायचा म्हणजे उरले काय? मी घरी फोन केला. आई क्षणभर थांबून म्हणाली, "त्यांचा हात दांडीवर असायचा रे. भोपळा बदल. तो बोलला पाहिजे, नुसता कोपऱ्यात दिसायला नको."

सरसाच्या जोडणीचा मोठेपणा मला तेव्हा कळला. जो सरस पाण्याने सुटला, त्याच्या सुटण्यामुळेच तबली न मोडता निघाली, आणि तोच सरस पुन्हा लावता आला. हळूहळू वजने ठेवून तबलीची वाकलेली कड बसविली, नवा भोपळा जोडला, लाख चढविली, शेवटी घोडीची जवारी काढली. २०२५ च्या उन्हाळ्यात तंबोरा घरी आला. काळी एकमध्ये लावून आईसमोर छेडला. खर्जाची तार पूर्वीपेक्षा थोडी रुंद बोलते. जोड मात्र जशीच्या तशी. आई ऐकत राहिली आणि म्हणाली, "आवाज थोडा बदललाय. पण सूर त्यांचाच आहे."

इतर वाद्यांविषयी दोन शब्द. पेटीचा भाता पुठ्ठ्याचा व चामड्याचा. तो भिजला की बदलावाच लागतो. परंतु पेटीचा जीव असलेले पितळी सूर पाण्याने मरत नाहीत. ते लवकर काढून, पुसून, कोरडे ठेवावेत. तबल्या-डग्ग्याची पुडी गेली असे समजावे. लाकडी खोड मात्र सावलीत वाळवून पुन्हा मढविता येते. माझ्या एका विद्यार्थिनीचे वडील रिक्षा चालवितात. तिची पेटी गल्लीच्या ढिगावर जाऊन पोचली होती, ती तिने परत आणली. नव्या भात्यावर तीच पेटी आज वाजते आहे. नवी घेणे त्या घराला शक्य नव्हते, आणि पेटीवाचून मुलीचे शिक्षण तेथेच थांबले असते.

सयाजीराव महाराजांनी १८८६ साली मौलाबक्षांच्या हाती गायनशाळा सोपवून सर्वसामान्यांच्या मुलांना जे दार उघडले, ते आजही सुरसागराकाठी उघडे आहे. अशा शहरात जुनी वाद्ये घरोघर असणारच, आणि विश्वामित्रीही असणारच. तेव्हा पावसाळ्यात वाद्ये उंच जागी ठेवावीत. तरीही भिजलीच तर त्यांना ढिगावर नेण्यापूर्वी तारा उतरवाव्यात, सावली द्यावी आणि चार महिने वाट पाहावी. फेकायला तेव्हाही उशीर झालेला नसतो.