भाषेचा नकाशा काढणे अवघड का असते?

नदीचा नकाशा काढणे सोपे असते. भीमा कुठून वाहते ते सर्वांना दिसते. पण भाषा डोळ्यांना दिसत नाही. म्हणून तिचा नकाशा काढणे फार अवघड असते. ते कसे, ते मी सांगतो.

गुरुजींनी आम्हांला सोलापूर जिल्ह्याचा कोरा नकाशा दिला. ते म्हणाले, "कुठं कोणती भाषा बोलतात, ते रंगवा." मराठीला गुलाबी, कन्नडला पिवळा, तेलुगूला निळा आणि उर्दूला जांभळा रंग ठरला. मी लगेच करमाळा, माढा, माळशिरस गुलाबी केले. उजनी धरणपण गुलाबी केले. गुरुजी म्हणाले, "अरे, धरणातले मासे काय मराठी बोलतात?" सगळा वर्ग हसला.

पण त्यामुळे मला पहिली अडचण कळली. रंग जमिनीला लागतो, पण बोलतात माणसे. रशिया देशात सायबेरिया नावाचा अफाट मोठा भाग आहे. तिथे वस्ती विरळ आहे. तरी नकाशात रशियन भाषेचा रंग सगळीकडे पसरलेला दिसतो. शेजारच्या कझाकस्तान देशात पुष्कळ लोक कझाक आणि रशियन दोन्ही बोलतात. तिथे एकच रंग कसा द्यायचा?

दुसरी अडचण म्हणजे एका गावात अनेक भाषा असतात. आपल्या अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर तालुक्यांत मराठी व कन्नड दोन्ही बोलतात. तिथे कन्नड शाळाही आहेत. सोलापूर शहराच्या पूर्व भागात तेलुगू बोलणारे विणकर राहतात. त्यांचे पूर्वज तेलंगणातून आले. शहरात उर्दूही बोलतात. नकाशात सोलापूर एवढेसे टिंब असते. त्यात किती रंग भरणार?

तिसरी अडचण आमच्या घरातच आहे. आजी पाण्याला 'नीरु' म्हणते, आई 'पाणी' म्हणते. आजी घरात कन्नड बोलते आणि बाजारात मराठी बोलते. मला दोन्ही कळते. मग आमचे घर पिवळे का गुलाबी? २०११ सालच्या जनगणनेत प्रत्येकाची मातृभाषा एकच लिहिली. येत असलेल्या आणखी दोन भाषाही विचारल्या. पण नकाशात बहुतेक वेळा मातृभाषाच दाखवतात.

चौथी अडचण सर्वांत मोठी आहे. आमच्या वर्गात तांड्यावरची एक मुलगी आहे. तिच्या घरी लमाणी बोलतात. ती आईला 'याडी' म्हणते. आमच्या रंगांत तिची भाषाच नव्हती. ती रंग न देता गप्प बसली. गुरुजींनी सांगितले की, २०११ च्या जनगणनेत लमाणी ही हिंदीच्या मोठ्या गटात धरली आहे. तेव्हा ती म्हणाली, "पण गुरुजी, आम्ही घरात हिंदी बोलतच नाही." शिवाय दिवाळीनंतर तांड्यावरची बरीच माणसे ऊसतोडीला जातात. तेव्हा कुणी विचारायला आले तर घरांना कुलूप दिसेल.

पहिलीत तिला मराठी कळत नव्हते, म्हणून ती रोज रडायची. आम्हांला वाटायचे, तिला काहीच येत नाही. पण तिला सगळे येत होते, फक्त लमाणीत येत होते. नकाशात ज्यांची भाषा नाही, त्यांच्या मुलांना शिकवायला कोणती भाषा लागेल हे कुणाला कसे कळणार?

मग आम्ही नकाशा पुन्हा काढला. धरण कोरे ठेवले. माहीत असलेल्या गावांना गोल काढले आणि भाकरीचे तुकडे करतात तसे त्यांचे भाग करून रंगवले. तांड्याला नारिंगी रंग दिला. तो तिनेच निवडला.

आमचा नकाशा अजून पुरा नाही. तुमच्या घरी आजी कोणती भाषा बोलते, आई कोणती बोलते, ते विचारून या आणि या भित्तिपत्रकाखालच्या कागदावर लिहा. म्हणजे तुमचाही रंग भरता येईल.

— इयत्ता चौथी