धूर गेला, वास राहिला!

जूनमध्ये राजारामपुरीत रूम घेतली. भाडं परवडणारं, केएमटीचा स्टॉप जवळ, मालक काका बोलायला गोड. रूम बघायला गेलो तेव्हा खिडक्या सताड उघड्या होत्या आणि कोपऱ्यात उदबत्ती जळत होती. आम्ही खूश! डिपॉझिट देऊन मोकळे. मग पाऊस सुरू झाला, खिडक्या बंद झाल्या आणि खरा प्रकार कळला. आधीच्या पोरांच्या सिगारेटींचा शिळा वास!

पंधरा दिवसांनी आई गावाहून डबा घेऊन आली. कपाटातला माझा शर्ट हुंगला आणि एवढंच विचारलं, "कधीपासनं ओढतोयस?" मी आजवर एकही सिगारेट ओढलेली नाही. पण ऐकणार कोण? त्यात रूममेटला दमा. करार अकरा महिन्यांचा, डिपॉझिट अडकलेलं. जाणार कुठं?

हा वास इतका चिवट का? धुरातलं निकोटिन आणि चिकट डांबर भिंती, छत, पडदे, गादीत मुरतं आणि हळूहळू परत हवेत येतं. याला 'थर्डहँड स्मोक' म्हणतात. अमेरिकेतल्या सॅन दिएगो स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी सिगारेट ओढणाऱ्यांनी सोडलेली घरं तपासली. साफसफाई झाली होती, घरं दोन महिने रिकामी होती, तरी तिथं निकोटिन सापडलं. म्हणजे रूम फ्रेशनर मारून काही होत नाही. आम्ही मारला, तर मोगरा आणि सिगारेट असा मिक्स वास आला!

एका रविवारी पावसानं उघडीप दिली. पडदे डिटर्जंटमध्ये भिजवले, गादी गच्चीवर टाकली. फॅनची पाती, ट्यूबलाइट, दारामागची बाजू, छत, भिंती, सगळं कोमट साबणाच्या पाण्यानं पुसलं. बादलीतलं पाणी चहासारखं झालं. तीच बादली काकांना नेऊन दाखवली. आधी "वासाला मी काय करू रं?" म्हणणारे काका गप्प झाले. शेवटी ठरलं, प्रायमर आणि रंगाचा खर्च त्यांचा, मजुरी आमची! प्रायमर आधीच मारायचा, नुसत्या रंगातून वास पुन्हा वर येतो.

दिवाळीआधी आई परत आली. दारातच थांबून म्हणाली, "रंगाचा वास येतोय रे." मला तेवढं पुरे होतं.

डिपॉझिट देण्याआधी...

- खिडक्या बंद करून पाच मिनिटं रूममध्ये थांबा. कपाट उघडून हुंगा.
- पांढरं ओलं कापड फॅनच्या पात्यावर आणि दारामागं फिरवा. पिवळट, चिकट डाग आला तर लगेच विचारा.
- ऑइलपेंट पुसता येतो. साध्या डिस्टेंपरचा रंग सुटू शकतो, आधी कोपऱ्यात करून बघा.
- व्हिनेगर आणि ब्लीच कधीच एकत्र करू नका, विषारी वायू तयार होतो.
- सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला 2 ऑक्टोबर 2008 पासून देशभर बंदी आहे, पण भाड्याची खोली त्यात येत नाही. त्यामुळं 'रूममध्ये सिगारेट नाही' हे रूममेट्समध्ये पहिल्याच दिवशी ठरवा आणि करारातही लिहून घ्या.