मुख्याध्यापकांचे प्रश्न: संचमान्यता आणि अनुदान

संचमान्यता: पटसंख्येनुसार शाळेला किती पदे मिळणार, याचा दरवर्षीचा सरकारी हिशेब. पट घटला की शिक्षक 'अतिरिक्त' ठरतात. मुख्याध्यापकपदही जाऊ शकते. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने निकष बदलले. तो रद्द करावा, ही शिक्षक-मुख्याध्यापक संघटनांची मागणी.

केंद्रीय निकष: शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू १ एप्रिल २०१०. पहिली ते पाचवीत १५० हून अधिक, सहावी ते आठवीत १०० हून अधिक विद्यार्थी असल्यास मुख्याध्यापक.

वेतन अनुदान: शिक्षक व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या पगारासाठी. अंशतः अनुदानित शाळांना टप्प्याटप्प्याने: २०, ४०, ६०, ८० टक्के.

वेतनेतर अनुदान: वीजबिल, खडू, दुरुस्ती, स्टेशनरी. रक्कम वेतन अनुदानाच्या तुलनेत किरकोळ, पण शाळा रोज चालते ती यावर. चालू वेतनश्रेणीनुसार आकारणी व्हावी, ही जुनी मागणी.

स्वयंअर्थसहाय्यित शाळा: सरकारी अनुदान नाही. 'विनाअनुदानित' हा वेगळा वर्ग; त्यातल्या पात्र शाळा पुढे अनुदानावर येऊ शकतात.

अशैक्षणिक कामे: शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार फक्त दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीला मुभा.