विद्युत् गिटारचे घरगुती ध्वनिमुद्रण : साधनांचा विचार

विद्युत् गिटार घरच्या संगणकावर ध्वनिमुद्रित करावयाची झाल्यास कोणती साधने हवीत, असा प्रश्न निघाला की बहुधा संगणकाच्या शक्तीची व आज्ञावलींची चर्चा सुरू होते. वस्तुतः या कामाचे यशापयश त्याच्या कितीतरी आधी, गिटारची दोरी ज्या द्वारात खोवली जाते तेथेच, पुष्कळसे ठरून गेलेले असते. म्हणून प्रस्तुत लेखात त्या द्वाराचा विचार प्रामुख्याने करावयाचा आहे.

गिटारच्या पोलादी तारांखाली लोहचुंबकाभोवती तांब्याच्या अतिसूक्ष्म तारेचे हजारो वेढे दिलेले असतात. यासच पिकअप म्हणतात. तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र बदलते आणि वेढ्यांत विद्युत्‌दाब उत्पन्न होतो. पिकअपचा रोध ७,००० ओहम व प्रवर्तकता ३ हेन्री धरून साधा हिशेब करून पाहू. प्रवर्तकतेमुळे होणारा अडथळा कंप्रतेबरोबर वाढत जातो. सर्वांत जाड तारेच्या मूळ स्वराला, म्हणजे सेकंदास ८२ कंपनांना, तो सुमारे दीड हजार ओहम भरतो. ५,००० कंपनांना मात्र तो ९४,००० ओहमांवर जातो. आता संगणकाच्या लाइन-द्वाराचा संरोध १०,००० ओहम असेल, तर खर्जाच्या दाबाचा निम्म्याहून थोडा अधिक अंश आत येईल, आणि ५,००० कंपनांच्या उपस्वरांचा जेमतेम एकदशांश! वाद्य घोंगडी पांघरून बोलत असल्यासारखे ऐकू येते. वादक दोष देतो तो गिटारला, आणि नवा पिकअप विकत घेतो. गेलेले उपस्वर मागाहून आज्ञावलीने उचलून घेऊ म्हटले, तर त्यांच्याबरोबर खरखरही तितकीच वर येते.

द्वाराचा संरोध सुमारे १० लक्ष ओहम असला की ही हानी टळते. ऑडिओ इंटरफेस नावाच्या ज्या लहान पेट्या यूएसबीने संगणकास जोडतात, त्यांपैकी पुष्कळांवर असे ‘इन्स्ट्रुमेंट’ द्वार असते. खरेदी करताना प्रथम तेच पाहावे. बाकीची बटणे नंतर मोजावीत. दोरीही अवाजवी लांब नसावी. तिची धारिता दर मीटरास साधारण १०० पिकोफॅरड असते व ती वाढली की पिकअपचे अनुनाद-स्थान खाली सरकते. घरात तीन मीटर पुरे.

पातळीविषयी फार लिहावयास नको. २४ बिटांच्या मुद्रणात जागा विपुल असते. सर्वांत जोराचा आघातही कमाल मर्यादेच्या सुमारे १२ डेसिबल खाली राहील असे ठेवावे. मर्यादा ओलांडून तुटलेली तरंगशिखरे पूर्ववत् होत नाहीत.

विलंबाचा प्रश्न अधिक त्रासदायक आहे. संगणक नमुन्यांचा साठा करून मगच त्यांवर काम करतो. सेकंदास ४४,१०० नमुने घेताना १२८ नमुन्यांच्या साठ्यास २.९ मिलिसेकंद लागतात; हवेतून ध्वनी तेवढ्या वेळात सुमारे एक मीटर जातो. साठा १,०२४ नमुन्यांचा केला, तर जणू आठ मीटरांवरून आपलेच वादन ऐकावे लागते. त्यातही येताना एक व जाताना एक असे दोन साठे लागतात. वाजविताना साठा लहान ठेवावा, मिश्रणाच्या वेळी खुशाल वाढवावा.

एवढे करूनही थेट घेतलेला स्वर कोरडा वाटतो. याचे कारण असे की, विवर्धक व त्याचा ध्वनिक्षेपक हे या वाद्याचेच अर्धे अंग होय. गिटारचा बारा इंची ध्वनिक्षेपक सुमारे ५,००० कंपनांपलीकडचे फारसे ऐकवीत नाही. ती चाळणी काढून घेतली की विकृत केलेला स्वर माशांच्या गुणगुणीसारखा कर्कश होतो. यास्तव विवर्धकाची नक्कल करणाऱ्या आज्ञावलीपुढे ध्वनिक्षेपक-पेटीचा आवेग-प्रतिसाद जोडतात. क्षणिक धक्क्याला पेटीने व तिच्यासमोरील मायक्रोफोनने दिलेल्या उत्तराची ती छोटीशी नोंद असते. महागड्या विवर्धक-नकलेपेक्षा चांगला आवेग-प्रतिसाद अधिक उपकारक ठरतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. मूळ कोरडा संकेत मात्र वेगळा जपून ठेवावा. पुढे कधी शेजाऱ्यांची हरकत नसेल अशा जागी तोच संकेत रीअँप पेटीमार्फत खऱ्या विवर्धकास देता येतो, आणि १९६५ पासून प्रचारात असलेला शुअर एसएम५७ मायक्रोफोन जाळीशी लावून पुन्हा मुद्रित करता येतो.