घाटमाथ्यावरचे ओट्स

इगतपुरी तालुक्यातल्या घोटीला भाताच्या गिरण्यांचं गाव म्हणून ओळखतात. तिथल्या किराणा दुकानांत भगर आणि नागलीच्या पिठाच्या शेजारी आता ओट्सचे पुडे मानानं बसलेत. वजन उतरवायचंय म्हणून ओट्स मागायला गेलं की दुकानदार विचारतो, "साधे देऊ की मसाला?" निम्मा निकाल या प्रश्नाच्या उत्तरातच लागतो.

गंमत म्हणजे नाशिक-नगरच्या दूधवाल्या शेतकऱ्याला ओट नवा नाही. रब्बीत हिरव्या चाऱ्यासाठी तो पेरतात. 'केंट' हा वाण जुना, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा 'फुले हरिता' त्याच कामाचा. गोठ्यातून ताटात यायला मात्र ओटाला पुड्यात बसून यावं लागलं, आणि त्या पुड्यातला बराचसा दाणा ऑस्ट्रेलियासारख्या देशांतून येतो.

ओट्सची खरी करामत बीटा-ग्लुकन नावाच्या तंतूत आहे. ओट्स शिजताना पाण्याला जो बुळबुळीत दाटपणा येतो, तो याचाच. पोटातही हा दाटपणा टिकतो, अन्न हळू पुढे सरकतं, साखर रक्तात सावकाश उतरते आणि अकरा वाजता बिस्किटाच्या डब्याकडे हात जात नाही. दिवसाला ३ ग्रॅम बीटा-ग्लुकन पोटात गेलं तर कोलेस्टेरॉलही थोडं उतरतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं १९९७ मध्ये तसा दावा पुड्यावर छापायला परवानगी दिली. पण ३ ग्रॅमसाठी ७० ते ७५ ग्रॅम कोरडे ओट्स लागतात, आणि आपण एका वेळी खातो ते साधारण ४० ग्रॅम.

सिडनी विद्यापीठात सुझॅना होल्ट आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये ३८ पदार्थ तपासले. प्रत्येक पदार्थ २४० कॅलरींचा. तो खाल्ल्यावर पुढचे दोन तास पोट किती भरल्यासारखं वाटतं, ते मोजलं. पांढऱ्या पावाला १०० गुण धरले, तर ओट्सच्या लापशीला २०९ मिळाले. पहिला नंबर मात्र ३२३ गुणांनी उकडलेल्या बटाट्याचा! वजनवाल्यांनी बटाट्याला उगाच वाळीत टाकलंय. त्याला बेसनात बुडवून तेलात सोडतो आणि इगतपुरी स्टेशनात गाडी थांबली की पावात घालून खातो, तो दोष आपला.

ओट्सचंही तसंच होतं. ४० ग्रॅम ओट्स म्हणजे दीडशेच्या आसपास कॅलरी. त्यात म्हशीचं पेलाभर सायीचं दूध घातलं की दोनशे वाढल्या. एक केळं शंभरभर, मोठा चमचा मध साठ, दहा बदाम सत्तर. बेरीज पावणेसहाशेच्या पुढे जाते. एवढ्यात पोह्यांच्या दोन बशा होतात, आणि पोहे खाताना निदान आपण डाएट करतोय असा भ्रम नसतो. मसाला ओट्सच्या पाकिटात मीठ भरपूर आणि पाकीट एवढंसं, म्हणून दुसरं फोडलं जातं. झटपट शिजणारे पातळ ओट्सही टाळावेत. ते जितके बारीक आणि आधी शिजवलेले, तितके लवकर पचतात. जाड, साधे ओट्स घ्यावेत आणि निदान पहिले काही दिवस वजनकाट्यावर मोजून घ्यावेत. अंदाजानं घेतलेली वाटी नेहमी शिगोशीग भरते.

मग नागली काय वाईट? इगतपुरी, त्र्यंबक, पेठच्या डोंगरउतारावर, जिथं भाताचं पाणी ठरत नाही, तिथं नागली आणि वरई पिकते. नागलीचा दाणा इतका बारीक की तांदळासारखं पॉलिश करणं कठीण. पीठ येतं ते सालासकट. तंतू ओट्सच्या तोडीचे, कॅल्शियम १०० ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या घरात. इथं ओट्स पार मागे पडतात. पण ओट्सइतकं बीटा-ग्लुकन नागलीत नाही आणि प्रथिनंही कमी, हेही मान्य करायला हवं. शिवाय नागलीची पातळ पेज गूळ घालून प्यायली तर ती झटकन पचते. भाकरी, सोबत पिठलं नाहीतर मुगाची उसळ, असा नाश्ता केला तर ओट्सची उणीव भासायचं कारण नाही. दोन्हींत निवड करायची तर मी आवडीला आणि खिशाला विचारीन.

नाश्ता हवाच का, हा वादही महाराष्ट्रात डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या दोन वेळच्या जेवणानं घरोघर पोचवलाय. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये तेरा चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा नाश्ता करणारे दिवसाला सरासरी २६० कॅलरी जास्तच खाताना दिसले. म्हणजे नाश्ता केल्यानं वजन उतरतं, हे काही खरं नाही. आणि दोन वेळाच खायचं तर ते नाश्ता धरूनही जमतं: इगतपुरीच्या धम्मगिरी विपश्यना केंद्रात नाश्ता सकाळी साडेसहाला, जेवण अकराला. जुन्या साधकांना त्यानंतर जेवण नाहीच. ज्याला सकाळी भूकच नसते त्यानं वजनासाठी ओट्स गिळू नयेत. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाश्ता सोडू नये.

सकाळची गाडी पकडून नाशिकला किंवा मुंबईकडे जाणाऱ्यांसाठी सोपा उपाय आहे. रात्री ४० ग्रॅम जाड ओट्स वाटीभर दह्यात आणि थोड्या पाण्यात भिजवून फ्रिजमध्ये ठेवायचे. सकाळी किसलेली काकडी, मीठ, वर चमचाभर तेलात मोहरी, हिंग, कढीपत्ता, मिरचीची फोडणी. दहीभाताची सवय असलेल्याला ते परकं लागत नाही. डब्याचं झाकण मात्र घट्ट हवं. रात्रभरात ओट्स फुगतात, आणि कसारा घाटात गाडी हलते.