नाइटमेअरमधली 'मेअर' घोडी नव्हे

'नाइटमेअर' या इंग्रजी शब्दाची फोड पुष्कळजण रात्र आणि घोडी अशी करतात. पण ही 'मेअर' घोडी नव्हे. जुन्या इंग्रजीत याच नावाचं एक पिशाच होतं. झोपलेल्या माणसाच्या छातीवर ते चढून बसतं आणि त्याचा श्वास कोंडतं, अशी समजूत होती. घोडीसाठीचा शब्द निराळा. पुढे दोघांचे उच्चार एक झाले, इतकंच. फ्रेंच 'कोशमार'च्या उत्तरार्धात तीच बया आहे, पूर्वार्धाचा अर्थ तुडवणं. नॉर्वेजियन 'मारेरिट' म्हणजे तर सरळ तिची स्वारी.

घोडीचा गैरसमज पक्का व्हायला हेन्री फ्युसेलीचं १७८१चं प्रसिद्ध चित्रही कारणीभूत असावं. पलंगावर पांढऱ्या वस्त्रातली तरुणी पडली आहे, मान आणि हात कडेवरून खाली लोंबताहेत. छातीवर एक बुटकं भूत उकिडवं बसून थेट आपल्याकडे बघतं आहे आणि मागच्या पडद्यातून पांढरट डोळ्यांच्या घोड्यानं मुंडकं आत घातलं आहे. शब्दाचा खरा अर्थ त्या भुताच्या बसण्यात आहे, पण लक्षात राहतो घोडा.

तेव्हा या शब्दाचा अर्थ वाईट स्वप्न असा नव्हता. सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५च्या कोशातही तो रात्री छातीवर येणारा दाब आहे. स्वप्नाचा अर्थ नंतर रुळला, आणि आता तर वाहतूककोंडीलाही लोक नाइटमेअर म्हणतात. यात मूळचा अनुभव बेवारशी झाला, याचं मला खरंच वाईट वाटतं. कारण तो अनुभव कुठेही गेलेला नाही. 'जाग होती, पण हात हलेना, ओरडायचं होतं, आवाज फुटेना' असं सांगणारी माणसं आपल्याकडेही घरोघर भेटतात.

१९२८ साली लंडनचे मेंदूविकारतज्ज्ञ किनियर विल्सन यांनी या अवस्थेला 'स्लीप पॅरालिसिस' हे नाव दिलं. १९५३मध्ये शिकागोत डोळ्यांच्या जलद हालचालींच्या झोपेचा शोध लागला आणि पुढे कारण उलगडलं. या झोपेत स्नायू जवळजवळ लुळे असतात, म्हणून स्वप्नातलं धावणं अंथरुणात घडत नाही. कधी मेंदूला आधी जाग येते आणि शरीर सुटायचं राहतं. श्वास चालू असतो, पण छातीचे स्नायू सैल असल्यानं मनासारखा खोल घेता येत नाही. तोच दाब वाटतो. बाकी राहिलेलं स्वप्न त्या दाबाला चेहरा देतं.

स्वतः या त्रासानं गांजलेल्या जॉन बॉन्ड या डॉक्टरानं १७५३मध्ये यावर पुस्तक लिहिलं आणि दोष उताणं झोपण्याला दिला. रक्त साचतं हे त्याचं स्पष्टीकरण टिकलं नाही. पण असे झटके उताणं झोपलेलं असताना जास्त येतात, हे आजच्या अभ्यासातही दिसतं.