झाकलेले जॉइंट पाहणारं यंत्र

जुने टीव्ही दुरुस्त करणाऱ्यांना ‘ड्राय सोल्डर’ हे दुखणं चांगलंच ठाऊक. वरून जॉइंट ठाकठीक दिसतो, पण सोल्डरने पिन घट्ट धरलेली नसते. डबड्यावर थाप मारली की चित्र येतं, सेट तापला की जातं. भिंग लावून असा जॉइंट हुडकता तरी यायचा. 1980च्या दशकात सरफेस माउंट, म्हणजे सुटे भाग सर्किट बोर्डाच्या पृष्ठभागावरच सोल्डर करायची पद्धत रुळली आणि बोर्डाच्या दोन्ही बाजूंना भाग बसू लागले. कित्येक जॉइंट भागांच्या पोटाखाली गेले. तिथे नजर पोचणार कशी?

एक्स-रे काढावा, तर त्यातही गोची होती. सोल्डरमधलं शिसं आणि कथील किरण चांगले अडवतात, त्यामुळे सोल्डर गडद उमटतो हे खरं. पण वरच्या आणि खालच्या जॉइंटच्या सावल्या एकमेकींवर पडतात. कुठली कुणाची, कळत नाही.

यावर अमेरिकेत सॅन डिएगोच्या ‘फोर पाय सिस्टिम्स’ या कंपनीत ब्रूस बेकर आणि सहकाऱ्यांनी उपाय काढला. त्याचं पेटंट 1990 साली मिळालं. मूळ कल्पना वैद्यकातली. शरीराचा एकच थर स्पष्ट दाखवणारी एक्स-रे पद्धत डच डॉक्टर झीडसेस देस प्लान्तेस यांनी 1930च्या दशकातच मांडली होती. बेकर यांनी ती कारखान्यात आणली.

त्यांच्या यंत्रात बोर्ड मधोमध असतो. वर इलेक्ट्रॉनचा झोत लक्ष्यावर गोल फिरवला जातो, म्हणजे एक्स-रेचा उगमबिंदू वर्तुळात फिरतो. खाली चमकणारा पडदा त्याच वेगाने, पण बरोबर समोरच्या बाजूने फिरतो. एका ठरावीक पातळीतल्या बिंदूची सावली मग पडद्यावर सतत एकाच जागी पडते आणि ठळक होते. त्या पातळीच्या वरखालचं सगळं जागा बदलत राहतं आणि फिसकटून जातं. नको ते पुसट करायचं, म्हणजे हवं ते उठून दिसतं, एवढीच युक्ती.

त्यापुढचं काम संगणकाचं. चित्रातल्या करड्या छटेवरून तो सोल्डरची जाडी काढतो. कुठे सोल्डर कमी पडला, कुठे आत पोकळी राहिली, कुठे शेजारच्या दोन पिना जोडल्या जाऊन शॉर्ट झाला, हे आकड्यांत सांगतो. पुढे चिपच्या पोटाखाली सोल्डरच्या गोळ्या असलेले बीजीए आले आणि अशा यंत्रांची गरज आणखी वाढली. फोर पाय कंपनी पुढे ह्युलेट-पॅकार्डने घेतली.

पास-नापासाची रेघ मात्र माणसालाच आखावी लागते. ती कडक ठेवली तर चांगले बोर्डही अडकतात आणि ऑपरेटर दिवसभर खोट्या तक्रारी निस्तरत बसतो. सैल ठेवली तर खराब माल गिऱ्हाइकाकडे जातो. शिवाय खराब बोर्ड बाजूला काढणं हे अर्धंच काम. एकाच पिनेवर बोर्डामागून बोर्ड सोल्डर कमी दिसू लागला, की उत्पादनाच्या लाइनच्या सुरुवातीला जाऊन, ज्यातून बोर्डावर सोल्डर लावला जातो त्या स्टेन्सिलचं छिद्र तुंबलंय का ते बघायचं. यंत्राचे पैसे वसूल होतात ते तिथे.